चुकीचं उत्तर दुरुस्त करण्याआधी

मी एकोणीस वर्षं बालवाडीत शिकवते. पदविकेला असताना स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे पाठ केला, मुलांचा विचार कसा वाढतो याच्या त्याने सांगितलेल्या चार अवस्था वयांसकट पेपरात उतरवल्या आणि वर्गात पाऊल टाकल्यावर सगळं विसरले. पुन्हा आठवण झाली ती भाचीमुळे. ती साडेचार वर्षांची होती. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घेतलं, त्यातला एक पेला उंच, अरुंद बरणीत ओतला आणि विचारलं, "आता कशात जास्त?" "उंचात," ती म्हणाली. माझ्यातली बाई जागी झाली. "नीट बघ हं, नक्की?" तिने पाण्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग पेल्यात."

प्रयोग तिथेच वाया गेला. तुमचा जाऊ नये म्हणून पद्धत सविस्तर सांगते.

मूल चार ते सात वर्षांचं असावं, भूक-झोप भागलेली असावी आणि आजूबाजूला हसणारी मोठी माणसं नसावीत. दोन सारखे पेले, एक उंच बरणी आणि डझनभर बटणं एवढं पुरे. पाणी सारखं करायचं काम मुलालाच द्या. ते थेंब थेंब ओतत बसेल, बसू द्या. "झालं सारखं" हे त्याचं त्याने ठरवलेलं हवं. मग बरणीत ओतायलाही त्यालाच सांगा. आता विचारा, "दोन्हीकडे पाणी सारखंच आहे, की एकीकडे जास्त आहे?" माझ्या "कशात जास्त?" या प्रश्नातच खोट होती. कुठेतरी जास्त आहे, असं मी तिला आधीच सुचवून बसले होते.

प्रश्न एकदाच विचारायचा. पियाजेच्या मूळ प्रयोगात तो ओतण्याआधी आणि ओतल्यावर असा दोनदा विचारला जाई. 1974 मध्ये रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी आधीचा प्रश्न गाळून पाहिला, तर सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. मोठं माणूस तेच पुन्हा विचारतंय म्हणजे आपलं पहिलं चुकलं असणार, एवढा हिशोब मुलांना चांगलाच येतो. बटणांचंही तसंच. समोरासमोर सहा-सहाच्या दोन ओळी लावून एक ओळ तुम्ही लांबवलीत, की मुलाला वाटतं, मुद्दाम लांबवली म्हणजे काहीतरी बदललं असणार. त्याच सुमारास एडिनबरामध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी हे काम एका खोडकर टेडी अस्वलाकडून करून घेतलं. अस्वलाने ओळ विस्कटल्यावर बरीच जास्त मुलं "सारखीच आहेत" म्हणाली. तेव्हा घरातलं एखादं खेळणं हाताशी ठेवा आणि धुडगूस त्यालाच घालू द्या.

उत्तर आलं की चेहरा कोरा ठेवून विचारा, "तुला कसं कळलं?" आणि मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह वहीत लिहा. तुमची खरी कमाई ही. पियाजे मुळात शंख-गोगलगाईंचा अभ्यासक. पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांवर काम करताना तो बरोबर उत्तरं मोजायची सोडून चुकीच्या उत्तरांच्या मागे लागला, कारण एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकत होती. "उंच आहे म्हणून जास्त" हे मूल बोलतं तेव्हा ते एकाच गोष्टीकडे बघतंय, रुंदीकडे अजून नाही, एवढं तुम्हाला कळतं. वयांचा तक्ता मात्र भिंतीवर लावू नका. त्याच्या अवस्थांचा क्रम कामाचा आहे. वयाच्या सीमा त्याने मांडल्या तितक्या पक्क्या निघालेल्या नाहीत.

पुढे काय करायचं, हे रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीला विचारावं. त्याचा जन्मही पियाजेसारखा 1896 चाच, पण क्षयाने सदतिसाव्या वर्षीच गेला. त्याचं एक उदाहरण मी पालकसभेत हटकून सांगते. दोन मुलं, दोघंही एकट्याने आठ वर्षांच्या पातळीची गणितं सोडवतात. थोडी मदत दिली, तर एक नऊच्या पातळीपर्यंत जातं, दुसरं बारापर्यंत. मग ही दोन मुलं सारखी कशी? एकट्याने जमतं ते आणि मदतीने जमतं ते, शिकवायची जागा या दोहोंमधल्या पट्ट्यात असते.

मदत किती द्यायची, त्याची शिडी मी जिगसॉ कोड्यावर बसवली आहे. आधी गप्प बसायचं (सगळ्यात अवघड पायरी). मग "आता काय राहिलं?" मग "कडेचे तुकडे शोध." मग दोन तुकडे पुढे करून "यातला कुठला?" आणि अगदीच अडलं तर एक तुकडा आपण लावून दाखवायचा. मूल अडलं की एक पायरी जास्त मदत. जमलं की लगेच एक पायरी कमी. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी 1976 मध्ये 3 ते 5 वर्षांच्या 30 मुलांना 21 लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला मदत करताना काय घडतं ते पाहिलं आणि अशा मदतीला इमारतीच्या परांचीचं नाव दिलं. परांची बांधायला सगळ्यांना येते. काढायला विसरतात. मीसुद्धा.

मूल स्वतःशीच पुटपुटत असेल, "हा इथे... नाही, उलटा...", तर "मनात बोल" म्हणू नका. ते स्वतःलाच मदत करतंय. बक्षिसाचं आमिषही नको: 1973 च्या एका प्रयोगात ज्या मुलांना चित्रं काढल्यावर प्रशस्तिपत्रक मिळेल असं आधीच सांगितलं होतं, ती पुढे मोकळ्या वेळेत स्वतःहून कमी चित्रं काढू लागली. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांचं तसं झालं नाही.

आणि पाण्याचं उत्तर शिकवू नका. "पाणी तेवढंच असतं" हे मूल दोन दिवसांत पाठ करेल, आणि मातीचा गोळा लाटून लांब केलात की "आता माती जास्त झाली" म्हणेल. त्यापेक्षा अंघोळीच्या वेळी तीन-चार वेगवेगळी भांडी द्या आणि ओतू द्या. चार-सहा महिन्यांनी वही काढून पुन्हा एकदाच विचारा.

भाचीला मी सहाव्या वर्षी विचारलं. तिने बरणी उचलली, पाणी परत पेल्यात ओतलं आणि म्हणाली, "मावशी, तू मागच्या वेळी पण हेच विचारलं होतंस."