रानात चालायला चामड्याचे बूट : या चुका टाळा

बूट फाटले की लोक मला फोन करतात. घेताना फारसं कुणी विचारत नाही. विचारलं तरी सांगितलेलं ऐकत नाही. "काका, एवढे पैसे घातले आन् एका सालात गेले बघा." मग खोदून विचारावं लागतं. कुणी चुलीशी वाळवलेले असतात, कुणी घरचं करडईचं तेल चोपडलेलं असतं, कुणी पॉलिथिनच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर टाकलेले असतात. गौताळा असो, येडशीचा रामलिंग घाट असो की किनवटचं रान, चुका त्याच त्या. म्हणून आता लिहूनच ठेवतो.

घेतानाच होणारी फसगत

ऑनलाइन "हंटिंग बूट" शोधलं की आठ-दहा इंच उंचीचे देखणे बूट दिसतात. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे, पण बूट घालायला कुणाची हरकत नाही. उंच चामडं पिंढरीला बोरी-बाभळीपासून वाचवतं आणि मोज्यात कुसळं शिरू देत नाही. फक्त वर्णन नीट वाचा. "इन्सुलेशन ४०० ग्रॅम", "८०० ग्रॅम" असं काही दिसलं तर तो बूट सोडून द्या. ते ऊब धरणारं अस्तर बर्फाच्या मुलखात पहाटेपासून एका जागी दबा धरून बसणाऱ्या माणसासाठी असतं. परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. तिथं त्यात पाय शिजून निघेल. वॉटरप्रूफ पडद्याच्या बुटांचंही मला कौतुक नाही. वरून पाणी शिरलं की ते आतच राहतं, आणि एरवी घाम अडकतो. जाड चामडं, साधं अस्तर आणि रबरी सोल एवढं आपल्या मुलखाला पुरतं.

दुसरी फसगत वाळूजच्या कारखाना-वसाहतीतली. कंपनीतून मिळालेले किंवा एमआयडीसीच्या दुकानातून स्वस्तात आणलेले सेफ्टी शूज घालून पोरं किल्ल्यावर येतात. "चामड्याचेच तर आहेत, काका." आहेत ना. पण पुढं बोटांवर पोलादी टोपी आहे, २०० जूलचा मार झेलण्यासाठी बसवलेली. ती मशीनवर काम करताना लाखमोलाची. देवगिरीच्या पायऱ्या उतरताना मात्र प्रत्येक पायरीला बोटं त्याच टोपीवर आपटतात. दोन दिवसांनी अंगठ्याचं नख काळं पडलं की पोरगं म्हणतं, चामड्याचे बूट टोचतात.

चामड्याबद्दल थोडक्यात सांगतो. "जेन्युइन लेदर" या शिक्क्यानं फार तर एवढं कळतं की कातडं कुठल्यातरी जनावराचं आहे. कातड्याचा वरचा थर सगळ्यात दाट विणीचा असतो. तो न घासता ठेवलेला म्हणजे फुल ग्रेन. त्यावर बारीक छिद्रं, क्वचित जुन्या ओरखड्याची खूण दिसते. खालचा थर वेगळा काढून त्यावर प्लास्टिकचा लेप दिला की ते गुळगुळीत, एकसारखं, चकचकीत दिसतं आणि दुकानात तेच जास्त खपतं. वर्षभरात बोटांच्या घडीवर त्याचे पापुद्रे निघतात. मी बुटाच्या जिभेची कड उलटी करून बघतो. कापलेल्या कडेला तंतू दिसले पाहिजेत, जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास पाहिजे. वरचा थर नखानं सुटायला लागला तर बूट परत खोक्यात.

सोल कसा बसवलाय तेही विचारा. नुसता चिकटवलेला असेल तर आपल्या उन्हात गोंद मऊ पडतो. कडेनं चामड्याची पट्टी फिरवून तिला सोल शिवलेला असेल, म्हणजे वेल्ट असेल, तर मोची तो उसवून नवा बसवू शकतो. मिलिटरी पद्धतीचे डीएमएस बूट दणकट आणि स्वस्त असतात, पण त्यांचा सोल वरच्या चामड्यावर थेट ओतलेला असतो. तो गेला की बूटही गेला असंच धरून चाला.

माप संध्याकाळी घ्या. पाय दिवसभरात फुगतो. सोबत तेच जाड मोजे न्या जे रानात घालणार आहात. पाय पुढं सरकवून टाचेमागं एक बोट गेलं पाहिजे. सकाळी दहाला गुलमंडीच्या बाजारात जाऊन, पातळ मोज्यावर माप घेऊन, "फिट्ट बसला" म्हणून आनंदानं घरी येणाऱ्यांना उतार चालताना तोच फिट्टपणा नडतो.

आणि शुक्रवारी घेतलेला बूट रविवारी अंतूरच्या किल्ल्यावर नेऊ नका. आधी बाजारात घाला, शेतात चक्कर मारा, गिरणीवर जा. पंधरा-वीस दिवस लागतात. व्हिडिओत बघून बूट पाण्यात भिजवून पायातच वाळवणारे, हेअर ड्रायर मारणारे, पाण्याच्या पिशव्या भरून फ्रीजरमध्ये ठेवणारे असे सगळे नमुने मी पाहिलेत. पंधरा दिवस ज्याला निघत नाहीत, त्यानं कापडी बूट घ्यावेत. त्यात काही कमीपणा नाही.

ओला बूट आणि आग

ही माझी ठेवणीतली तक्रार. बूट झिजून मरताना मी फार कमी पाहिले. भाजून मरताना मात्र ढिगानं.

एका पावसाळ्यात आम्ही म्हैसमाळला गेलो होतो. ढग जमिनीवर उतरलेले, दिवसभर पाऊस, सगळ्यांचे बूट आतून-बाहेरून चिंब. मुक्काम खाली एका ओळखीच्यांच्या मळ्यात. आमच्यात एक उत्साही पोरगा होता; पहिल्या पगारातून घेतलेले, नऊ-दहा हजारांचे बूट. मी सगळ्यांना जुनी वर्तमानपत्रं वाटली आणि बूट ओसरीत ठेवायला सांगितले. यानं रात्री सगळे झोपल्यावर आपले बूट उचलले आणि चुलीच्या वैलाला टेकवून ठेवले. निखाऱ्यांना ऊब होती, बूट सकाळपर्यंत वाळतील, असा हिशेब.

वाळले की. सकाळी त्यानं पाय घातला तर तो अर्ध्यावरच अडला. पुढचा पंजा आकसून वर वळला होता आणि जिथं बोटं दुमडतात तिथं आडवी चीर पडली होती. माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, आता ह्याला तेल लावलं तर होईल का नीट?" त्याच्या आजोबांच्या वयाचे मळेवाले मागं उभे होते. ते म्हणाले, "बाबा, भाजलेलं वांगं परत झाडाला लागत नसतं." आम्ही हसलो. तो बिचारा हसला नाही. उरलेला दिवस मळेवाल्यांच्या चपलेवर काढला त्यानं.

असं का होतं ते समजून घ्या. चामडं म्हणजे तंतूंची जाळी, आणि त्या तंतूंमध्ये कमावताना मुरवलेलं तेल असतं. ओल्या चामड्याला एकदम उष्णता लागली की पाणी झपाट्यानं जातं, तंतू एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा सुटत नाहीत. बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याच्या द्रव्यांनी कमावलेलं चामडं ओलं असताना ७०-८० अंशांना आकसायला लागतं. क्रोमनं कमावलेलं शंभरीच्या आसपास टिकतं, पण म्हणून ते भाजायचं नसतं. तेल तर त्याचंही उडतं आणि सोलचा गोंद त्याच्या कितीतरी आधी सुटतो. (ज्या बाभळीचा काटा बूट भोकसतो, तिचीच साल चामडं टिकवते. रानातला हा व्यवहार मला फार आवडतो.)

दुपारचा पत्रा म्हणजे चूलच. उन्हात उभी केलेली गाडी तशीच. काचा बंद असल्या तर आतली हवा ६० अंशांपर्यंत तापू शकते. डिकीत विसरलेल्या बुटाचा सोल तिथंच आ वासतो.

माझी सवय अशी. आल्याबरोबर नाड्या पूर्ण काढायच्या, आतला सुकतळा बाहेर काढायचा, जीभ पुढं ओढायची. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, पण दाबून ठासायचे नाहीत. दोन-तीन तासांनी बोळे बदलायचे. बूट आडवे ठेवायचे, म्हणजे सोलखालचंही वाळतं. सावली आणि पंखा. दोन दिवस लागतात. उद्या पुन्हा जायचंय? मग दुसरे बूट घाला, नाहीतर ओलेच घाला. ओला बूट पायात एक दिवस घातल्यानं काही होत नाही.

काळी माती

आपली काळी चिकण माती बुटाला नुसती घाण करत नाही. वाळताना ती चामड्यातला ओलावा शोषते, आणि ती बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी असते तर चामडं आम्लधर्मी. आठवडाभर चिखल तसाच राहिला की चामडं कोरडं, खरखरीत होतं. त्याच दिवशी ओल्या फडक्यानं पुसा. वाळला असेल तर पाण्यानं भिजवून मऊ करा आणि जुन्या ब्रशनं काढा. खुरप्याच्या टोकानं खरवडून शिलाई तोडणारे शूरवीर आमच्या गावात आहेत. कपड्याच्या साबणानं धुऊ नका. वॉशिंग मशीनबद्दल मी बोलणारच नाही.

जपून ठेवलेले बूट

ही दुसरी मोठी तक्रार, आणि यात हळहळ जास्त आहे, कारण यात सापडतात ती जपणारी माणसं.

अंतूरला आमच्यासोबत एक निवृत्त गृहस्थ आले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मुलानं परदेशातून आणलेले बूट, वरचं चामडं अगदी नवं, कारण अण्णांनी ते कधी घातलेच नव्हते. खोक्यात, पातळ कागदात गुंडाळून, कपाटाच्या वरच्या फळीवर. "म्हणलं, कशाला झिजवायचे." चढताना सगळे त्या बुटांचं कौतुक करत होते. उतरताना मागून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, तुमचं काहीतरी सांडायलंय!" बघतो तर टाचेखालून चुरा पडत होता, शिळ्या भाकरीचा पडावा तसा. शंभर पावलांत एक टाच पूर्ण सुटली, पाठोपाठ दुसरी. माझ्या पिशवीत सुतळी असते. तिनं सोल आवळून बांधला आणि अण्णा तसेच खाली आले, दर दहा मिनिटांनी गाठ मारत. नंतर मोचीला दाखवले तर तो म्हणाला, "शिवू कशाला? खाली धरायला काहीच नाही."

सोलचा मधला थर पॉलियुरेथेन या फोमसारख्या प्लास्टिकचा असला की हे होतं. हवेतला दमटपणा त्या पदार्थाचे बंध हळूहळू तोडत जातो. बूट घातला नाही तरीही ते चालू असतं. बंद खोक्यात तर आणखी जोमानं. पाच-सात वर्षांत बाहेरून धडधाकट दिसणारा सोल आतून संपलेला असतो. नियमित वापरात असलेला उलट जास्त टिकतो.

जुना बूट बाहेर काढला की सोलच्या कडेला अंगठ्याचं नख दाबून बघा. चिकट लागलं, बारीक तडे दिसले, कण सुटले तर तो रानात न्यायचा नाही. काही दिसलं नाही तरी आधी एक दिवस गावात घालून फिरा. आणि घेतलेले बूट वापरा हो. लग्नाचा शालू नाही तो.

तेल

मराठवाड्यात करडई घरची, जवस घरचं, म्हणून तेच बुटाला. ही दोन्ही तेलं हवेत वाळतात, आधी चिकट होतात, मग कडक पापुद्रा धरतात. जवसाचं तेल याच गुणामुळं रंगकामात वापरतात. खोबरेल थंडीत थिजतं आणि उंदरांना आवडतं. गाडीचं जुनं ऑइल लावणाऱ्यांना माझा नमस्कार.

जुनी माणसं चपलांना एरंडेल लावायची. ते वाळून कडक होत नाही. मी एक वाटा मधमाशीचं मेण आणि तीन वाटे एरंडेल एका डब्यात घालून डबा गरम पाण्यात ठेवतो, विरघळलं की ढवळून थंड करतो. स्वच्छ, जरासा दमट बूट घ्यायचा, बोटानं पातळ थर लावायचा, शिलाईवर थोडा जास्त, अर्ध्या तासानं सुती फडक्यानं पुसायचा. पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीनंतर एकदा. दर रविवारी तेल पाजणाऱ्यांचे बूट लोळागोळा होतात आणि घोट्याला आधार देत नाहीत. चामड्याचा रंग थोडा गडद होतो, तो होऊ द्या. लवदार चामड्याला मात्र हे लावू नका.

बाटलीतलं लिक्विड पॉलिश ऑफिसच्या बुटांना. रानातल्या बुटावर त्याचा थर तडकतो.

उरलेलं, भराभर

सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात, लोकरमिश्रित घ्या.

पॉलिथिनच्या पिशवीत बूट ठेवलात तर बुरशी येणारच. जुन्या उशीच्या खोळीत ठेवा.

बुरशी आली तर अंगणात नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा, घरात झटकू नका.

वेड्या बाभळीचा काटा सोलमध्ये मोडला की वरून दिसत नाही. घरी आल्यावर सुकतळा काढून आत हात फिरवा, चिमट्यानं काटा ओढा. तसाच ठेवलात तर चार दिवसांनी तो तुमच्या टाचेत निघतो.

घालण्याआधी बूट उलटा करून दोनदा आपटा. मळ्यात मुक्काम असेल तर न चुकता. विंचू चामड्याची प्रत बघत नाही.

मोचीकडं कधी

सोल गुळगुळीत होईपर्यंत थांबू नका. झीज वेल्टच्या शिलाईपर्यंत गेली की सोलसोबत पट्टीही बदलावी लागते आणि खर्च दुप्पट होतो. टाचेची बाहेरची कड अर्धा सेंटिमीटर गेली की मी बूट टाकतो मोचीकडं. त्याला स्पष्ट सांगायचं : नुसतं चिकटवू नका, शिवा. काही जण टायरचा सोल सुचवतात. काट्याला तो भारी, पण जड होतो, आणि ओल्या काळ्या पाषाणावर घसरतो. पावसात घाट उतरणार असाल तर रबरी शीटच घ्या, खोल नक्षीची. आणि हे काम मे महिन्यातच उरका. जूनमध्ये शाळा उघडल्या की त्याच्यापुढं दप्तरांच्या चेनी आणि मोडक्या छत्र्यांचा ढीग पडतो, मग तुमचा बूट पोळ्यापर्यंत हातात यायचा नाही.