विलीनीकरणाच्या योजनेचा मसुदा हाती घेण्यापूर्वी

दोन कंपन्यांच्या संचालक मंडळांचे विलीनीकरणावर एकमत झाले की वकिलाकडे लगेच योजनेचा मसुदा मागितला जातो. तो देण्याची घाई करू नये. आधी कोणकोणत्या मंजुऱ्या लागतील आणि कोणती कोणावाचून अडेल, याचा तक्ता करावा. एचडीएफसी आणि एचडीएफसी बँक यांचे विलीनीकरण ४ एप्रिल २०२२ रोजी जाहीर झाले आणि १ जुलै २०२३ रोजी अमलात आले. रिझर्व्ह बँक, सेबी, शेअर बाजार, स्पर्धा आयोग, भागधारक आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण (एनसीएलटी) अशी ती सारी वाट होती.

व्यवहाराचे मूल्य २,००० कोटी रुपयांहून अधिक असेल आणि ज्या कंपनीचे संपादन होत आहे तिचा भारतात भरीव व्यवसाय असेल, तर १० सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेला, स्पर्धा आयोगाची पूर्वमंजुरी लागते का हे ठरवणारा स्पर्धा कायद्याचा निकष तपासावा. आयोगाची मंजुरी मिळेपर्यंत दोन्ही कंपन्यांच्या विक्री विभागांनी एकमेकांचे दर पाहू नयेत, हे अशिलाला लेखी कळवावे; उत्साही व्यवस्थापक नेमके तेच आधी करतात.

महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काचा हिशेब मोबदल्याच्या वाटाघाटी संपण्यापूर्वी मांडावा. विलीनीकरण मंजूर करणारा आदेश हाच शुल्कपात्र दस्त ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थान लिव्हर प्रकरणात स्पष्ट केले आहे. शिवाय दोन कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालये दोन राज्यांत असतील, तर दुसऱ्या राज्यात भरलेल्या शुल्काची वजावट येथे मिळत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१६ मध्ये रिलायन्स प्रकरणात ठरवले. एमआयडीसीचा भूखंड असल्यास भाडेपट्ट्यातील हस्तांतराच्या अटीही याच टप्प्यावर वाचाव्यात.

त्यानंतर मसुदा करावा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २३० नुसार मतदान करणाऱ्यांपैकी संख्येने बहुमत आणि मूल्याने तीन चतुर्थांश पाठिंबा लागतो. मात्र मूल्याने ९० टक्के धनकोंनी प्रतिज्ञापत्राद्वारे संमती दिल्यास त्यांची सभा माफ होऊ शकते, म्हणून मोठ्या बँकांशी आधीच बोलावे. योजना कोणत्या तारखेपासून लागू मानायची, ती नियत तारीख मसुद्यात निःसंदिग्धपणे नमूद करावी. मंजुरीच्या आदेशाची प्रमाणित प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत ती कंपनी निबंधकाकडे दाखल करावी लागते.