घर्षणाच्या पदाचे चिन्ह

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी कृष्ण ऊर्जेवर, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणाऱ्या अज्ञात ऊर्जेवर, प्रकल्प घेतला, तेव्हा १९९८ साली दोन स्वतंत्र गटांनी दूरच्या अतिनवताऱ्यांवरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दाखवले आणि २०११चे नोबेल त्या शोधाला मिळाले, याखेरीज माझ्याजवळ फारसे भांडवल नव्हते. पहिले दोन महिने शोधनिबंध वाचण्यात गेले आणि, आता सांगायला हरकत नाही, त्यांतले बहुतेक मला कळले नाहीत. नवख्याने आधी एक समीकरण स्वतः सोडवावे आणि मगच निबंध उघडावेत, असे माझे मत आहे.

ते समीकरण विश्वभर पसरलेल्या अदिश क्षेत्राच्या (प्रत्येक बिंदूला केवळ एक संख्या असलेल्या राशीच्या) गतीचे; कृष्ण ऊर्जा असे क्षेत्र असू शकते. त्यात क्षेत्राचे त्वरण, विभवाचा (क्षेत्राच्या स्थितिज ऊर्जेचा) उतार आणि हबल प्राचलाची (प्रसरणाच्या दराची) तिप्पट गुणिले क्षेत्राचा वेग अशी तीन पदे असतात. यांतले शेवटचे पद घर्षणासारखे वागते. त्यामुळे विभव पुरेसा सपाट असेल तर क्षेत्र उतारावरून सावकाश घसरते, त्याची गतिज ऊर्जा स्थितिज ऊर्जेपुढे नगण्य राहते आणि दाब व ऊर्जाघनता यांचे गुणोत्तर कृष्ण ऊर्जेला हवे तसे उणे एकच्या जवळ राहते.

माझ्या प्रोग्रॅममध्ये मात्र ते गुणोत्तर अधिक एककडे धावत असे. आठवडाभर मी विभवालाच दोष दिला. अखेर ठाणे-पनवेल लोकलमध्ये, घणसोलीच्या आसपास, छापील कागदावर पेन्सिलने एकेक ओळ तपासताना दिसले की घर्षणाचे पद उजव्या बाजूला नेताना मी उणे चिन्ह लिहिलेच नव्हते. प्रसरण क्षेत्राला रोखण्याऐवजी ढकलत होते.

दुसरी गोष्ट काळाची. सेकंदांत पावले टाकू नयेत; प्रमाण-गुणकाचा (विश्व किती पटींनी पसरले ते सांगणाऱ्या संख्येचा) नैसर्गिक लॉगरिदम हे चल घ्यावे, म्हणजे कोट्यवधी वर्षांचा पल्ला मोजक्या एककांत मावतो. तपासणीसाठी घातांकी विभव उत्तम, कारण त्याचे उत्तर हाताने काढता येते : प्लँक एककांत (न्यूनीकृत प्लँक वस्तुमान एक धरून) उताराच्या स्थिरांकाचा (घातांकात क्षेत्राला गुणणाऱ्या संख्येचा) वर्ग दोनपेक्षा कमी असेल, तरच क्षेत्राचे प्राबल्य असलेल्या स्थितीत प्रसरणाला त्वरण मिळते. दीर्घिकांचा नकाशा करून प्रसरण मोजणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या २०२४ व २०२५च्या निष्कर्षांत कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असावी असे संकेत आहेत, पण ते निर्णायक नाहीत. तिकडे नंतर वळावे.

पीएच.डी.च्या मुलाखतीत मला फळ्यावर हेच समीकरण मांडायला सांगितले, आणि लगेच विचारले की हे घर्षण येते कुठून. प्रमाण-गुणकाचा घन गुणिले क्षेत्राचा वेग, याचे काळानुसार अवकलन केले की ते पद आपोआप बाहेर पडते. मी ते करून दाखवले, आणि चिन्ह दोनदा पाहिले.