मूल्यांवर आणि मोठ्या प्रश्नांवर लिहायचंय? मग यादी बाजूला ठेवा

समाजाच्या मोठ्या प्रश्नांवर काहीतरी लिहायचंय, असं म्हणणारे लोक सतत भेटतात. निवृत्त झालेले काका, लायब्ररीत एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं, मुलं मोठी झाल्यावर जरा मोकळ्या झालेल्या मैत्रिणी. सगळ्यांना सल्ला एकच मिळालेला असतो: आधी भरपूर वाचा, मग आपली मूल्यं निश्चित करा, मग लिहायला बसा. हा सल्ला मनावर घेतलेला माणूस पुढची दहा वर्षं वाचतच बसतो.

तुम्हाला चार वाक्यं धड लिहिता येतात, हाताशी वही किंवा मोबाइल आहे आणि पोटात काहीतरी खदखदतंय, एवढं मी धरून चालते. पुढचं सांगते.

राग कशाचा आला ते लिहा

समता, प्रामाणिकपणा, करुणा, स्वातंत्र्य, देशप्रेम. झाली यादी. कुणालाही बसवा, हीच निघेल आणि तिच्यातून एक ओळसुद्धा पुढे सरकणार नाही. त्यापेक्षा गेल्या वर्षभरात कशाकशाचा राग आला ते लिहून काढा. दवाखान्यात रांग सोडून ओळखीचा माणूस मागच्या दाराने आत गेला. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये येऊ दिलं नाही. जो राग सहा महिन्यांनीही उतरलेला नाही, तो निवडा. तुमचं मूल्य त्यात आलेलं असतं.

प्रश्नाला पत्ता द्या

‘प्रदूषण’ हा विषय नाही. आमच्या नागपूरची नाग नदी हा विषय होऊ शकतो, पण तीही मोठी. शहराच्या मधून घाण पाणी घेऊन ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि आपलं सांडपाणी गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोचतं. एवढं एका लेखात कोंबायला गेलात तर शाळेतला निबंध होईल. अशोक चौकाजवळ नदीत येऊन पडणारा एखादा नाला घ्या. ‘पूर’ नको, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, त्यातली एक गल्ली घ्या. रिक्षावाल्याला पत्ता सांगता आला की प्रश्न पुरेसा लहान झाला.

दोन मूल्यं भिडतात ती जागा शोधा

बहुतेक लेख इथे मरतात. मीही बरेच दिवस इथेच अडकले होते, म्हणून जरा सावकाश सांगते.

एकच मूल्य घेऊन लिहिलं की भाषण होतं. गरिबाला न्याय मिळाला पाहिजे, याला विरोध करणारा वाचक तुम्हाला शोधून सापडणार नाही. मग तो तुमचं वाचेल कशाला? लेखात जीव येतो तो तुम्हालाच पटणारी दोन मूल्यं एकमेकांच्या आड येतात तेव्हा. एकाला जवळ केलं की दुसऱ्याचं नुकसान होतं आणि ते तुम्हाला टोचतं, अशी जागा हवी.

सीताबर्डीचा मेन रोड घ्या. व्हरायटी चौकातून आत शिरा आणि लोहापुलाच्या दिशेने चालत राहा. शनिवारची संध्याकाळ असेल तर उत्तम. क्लिपा, रुमाल, मोबाइलची कव्हरं, पोरांचे कपडे, सगळं जमिनीवर. माल ज्या ताडपत्रीवर मांडलाय तिच्या टोकांकडे नीट बघा. दोऱ्या आधीच बांधलेल्या असतात. महापालिकेच्या अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी दिसली की चारही टोकं एका हातात येतात आणि दुकान गल्लीत गायब होतं. त्याच वेळी काठी टेकत चाललेले आजोबा फूटपाथ सोडून दुचाक्यांच्या मधून वाट काढतात.

आता बोला. पोट भरण्याचा हक्क मोठा, की म्हाताऱ्या माणसाचा सुखरूप चालण्याचा? दोन्ही मान्य असतील, तर लेख इथे सुरू होतो.

इथे सगळ्यात मोठा मोह होतो तो सुवर्णमध्य काढण्याचा. ‘दोन्ही बाजूंचा विचार करून समन्वय साधला पाहिजे’, हे वाक्य लिहिलंत की वही मिटा, लेख संपला. त्याची भावंडंही ओळखून ठेवा: ‘शासनाने ठोस पावले उचलावीत’, ‘समाजाची मानसिकता बदलली पाहिजे’, ‘जनजागृतीची नितांत गरज आहे’. मी कुणाचा कच्चा लेख वाचते तेव्हा ही वाक्यं आधी खोडते आणि मग उरलं काय ते बघते. पुष्कळदा एक परिच्छेदही उरत नाही. राग येतो लोकांना. येऊ द्या.

दुसरा मोह थोरांची वचनं पेरण्याचा. नागपुरात तर फारच. दीक्षाभूमीच्या गावात राहतो, त्यामुळे समतेवर लिहायला घेतलं की पहिल्याच ओळीत बाबासाहेब. पण ते स्वतः कसे मांडत, ते बघा. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी नुसती समता हवी असं म्हटलं नाही. राजकारणात एका माणसाला एक मत अशी समता येणार आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता तशीच राहणार, ही विसंगती त्यांनी नेमकी दाखवली आणि ती लवकर मिटवली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल असं बजावलं. घ्यायचं तर हे घ्या.

मग करायचं काय? आधी तिथे जाऊन उभं राहा. तासभर तरी, काहीही विकत न घेता. फेरीवाल्याशी बोला, दुकानदाराशी बोला, चालणाऱ्याशी बोला. प्रत्येकाची बाजू त्याच्याच शब्दांत लिहा. ‘ताई, लिहून काय होते जी? गाडी आली का माल उचलून नेतेत, सोडवायले गेलो का दंड भरा.’ याचं प्रमाण मराठीत भाषांतर करायला जाऊ नका, त्यातला माणूसच निघून जातो. दुकानदार म्हणतो, टॅक्स मी भरतो आणि माझ्याच दारात गिऱ्हाइकाला पाय ठेवायला जागा नाही. समोरच्या जागेसाठी कुणाला काही द्यावं लागतं का, हेही विचारा, दोघांनाही वेगवेगळं. उत्तरापेक्षा उत्तर देण्याआधीचा थांबा ऐका.

लिहून झाल्यावर प्रत्येकाला त्याचा भाग वाचून दाखवा. ‘हो, हेच म्हणणं आहे माझं,’ असं तो म्हणाला नाही, तर तुम्ही त्याची बाजू नाही, स्वतःच्या सोयीची बाजू लिहिली आहे. ही पायरी गाळू नका. जवळजवळ सगळे गाळतात, कारण लाज वाटते.

यानंतर कायदा. आपण ज्या भांडणावर लिहितोय त्यावर देशात आधीच काय ठरलंय हे माहीत नसताना मत देणं म्हणजे अर्धी मॅच संपल्यावर येऊन टॉस मागण्यासारखं आहे. १९८५ साली मुंबईतल्या फूटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असं मानलं. पण फूटपाथवरून हटवताच येणार नाही, असं म्हटलं नाही. १९८९ च्या निकालात रस्त्यावर माल विकणं हा व्यवसायाच्या मूलभूत हक्काचा भाग ठरला, त्यावर वाजवी बंधनं मात्र घालता येतात. मग २०१४ चा पथविक्रेता कायदा आला. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण, ते होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही, हटवायचं तर ३० दिवसांची नोटीस, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले. शहरात सामावून घ्यायच्या फेरीवाल्यांची मर्यादा लोकसंख्येच्या २.५ टक्के. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाख ५ हजार ६६५ होती, म्हणजे त्या हिशोबाने साधारण ६० हजार फेरीवाले. हा आकडा घेऊन बर्डीवर उभं राहून बघा, डोक्यातला वाद वेगळाच होतो.

आणि शेवटी पक्ष घ्या. कुठला, ते मी सांगणार नाही. पण घेतलात की लगेच खाली एक वाक्य लिहा: माझं म्हणणं मान्य झालं तर त्याची किंमत कोण मोजणार? फेरीवाल्यांना राहू द्या म्हणत असाल, तर आजोबा रस्त्यावर उतरणार हे लिहा. हटवा म्हणत असाल, तर ताडपत्रीवाल्याच्या घरी त्या महिन्यात काय होईल ते लिहा. किंमत मोजणारा तुम्ही नसाल, तर तेही लिहा. माझ्या मते ज्या लेखात हे वाक्य नाही तो लेख मूल्यांवरचा नाही, मग त्यात समता हा शब्द कितीही वेळा येवो.

कागद मिळवा

माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. साधा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, संबंधित कार्यालयाचा जनमाहिती अधिकारी. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा आत्मचरित्र लिहू नका. ‘फेरीवाल्यांवर अन्याय का होतो?’ असं विचारलं तर उत्तर येणार नाही, कारण कार्यालयाकडे जे कागदावर आहे तेवढंच द्यायला ते बांधील असतं. ‘नगर पथविक्रेता समितीच्या अमुक ते अमुक तारखेदरम्यानच्या बैठकांच्या इतिवृत्ताच्या प्रती द्याव्यात’ असं मागा. ३० दिवस वाट बघा. नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील. तिथेही नाही, तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे, मुंबई गाठायला लागत नाही.

तोवर लेख अडवून ठेवायची गरज नाही. ‘माहिती मागितली आहे, या तारखेपर्यंत उत्तर आलेलं नाही’, हे वाक्य छापता येतं, आणि ते बऱ्यापैकी बोलकं असतं.

लोकांची नावं

बदला. गावही गाळा. तो नेमका कोणत्या दुकानासमोर बसतो हे तर अजिबात लिहू नका, कारण तुमचा लेख वाचून पथक तिथेच जाईल आणि त्याचं भलं करायला निघालेले तुम्ही घरी पंख्याखाली बसलेले असाल. चेहऱ्याचा फोटो नको. ताडपत्रीचा चालेल.

वाचून घ्या

तुमच्याशी सहमत नसलेल्या एकाकडून. घरच्यांकडून नको, ते ‘छान झालंय’ म्हणतात.

छापा

स्थानिक साप्ताहिक, दिवाळी अंक, वाचनालयाचं भित्तिपत्रक, कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप, जे मिळेल ते. ग्रुपवर टाकलंत तर पहिल्या तासात तीन नमस्काराचे हात आणि एक ‘तुम्ही कोणत्या पक्षाच्या?’ येईल. या प्रश्नाला उत्तर देत बसू नका. ‘तुमचा दुसरा मुद्दा चुकीचा आहे, कारण...’ अशी सुरुवात करणाऱ्याला मात्र लगेच फोन लावा. त्याला चहाला बोलवा, पेन घेऊन बसा.

दुसरा लेख

त्याच प्रश्नावर. तिसराही. पहिला लेख छापून आला की लोक उत्साहात पुढच्या विषयाकडे वळतात: आज फेरीवाले, उद्या शेतकरी आत्महत्या, परवा जागतिक तापमानवाढ. असं लिहिणाऱ्याला कुणी माहिती आणून देत नाही, कारण तो कशावर टिकणार हे कुणालाच माहीत नसतं. वर्षभर एकाच रस्त्यावर लिहिलंत, की दुकानदारच फोन करून सांगायला लागतो, आज गाडी आली होती. शिवाय प्रश्न मोसमाप्रमाणे बदलतो. दिवाळीच्या आठवड्यातली बर्डी बघून काढलेलं मत मे महिन्यात पुन्हा तपासा. दुपारी दोन वाजता जा, डोक्याला दुपट्टा बांधून, पाण्याची बाटली घेऊन. तेव्हा तिथे कोण बसलेलं असतं आणि सावली कुणाच्या दुकानाची असते, ते लिहून आणा.