कामट्यांचा तारा, नाचणीचं गवत: घरच्या घरी नाताळची सजावट

दिवाळी संपली की आकाशकंदिलाचा सांगाडा फेकायचा आणि महिन्याभराने बाजारात जाऊन प्लास्टिकचा स्टार आणायचा, हे आमच्या वेंगुर्ल्यातपण सुरू झालंय. परसात बांबू, वर माळ्यावर सुतळी, आणि आपण चमकीवर पैसे घालवतोय.

तर तारा. दोन फुटी म्हणजे 60 सेंटीमीटरच्या 10 कामट्या, आणि 10-12 सेंटीमीटरचे 5 तुकडे. कामट्या रात्रभर पाण्यात ठेवा, नाहीतर वाकवताना तडकतात. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून 23 सेंटीमीटरवर खूण करा, कारण कामट्या एकमेकींना तिथेच छेदतात, खूण नसेल तर एक पाय लांब एक आखूड असा लंगडा तारा होतो (माझा पहिला तसाच होता, तरी लावला). पाच कामट्यांचा एक तारा, एक वरून एक खालून अशा घालून टोकं सुतळीने बांधायची. असाच दुसरा. मग दोन्ही एकमेकांवर ठेवून पाची टोकं बांधा आणि मधल्या छेदांमध्ये ते आखूड तुकडे उभे घालून बांधा, की तारा टम्म फुगतो.

खळ: दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात कालवून घ्या, गुठळी राहता कामा नये, मग मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन काचेसारखी दिसायला लागली की उतरवा. आजी त्यात मोरचूद टाकायची, कीड लागू नये म्हणून, पण ते विषारी, घरात पोरं असतील तर नकोच. मी एका वर्षी खळ अगदी जाड लावली आणि सकाळी बघते तर झुरळांनी एक कोन साफ केलेला! पातळ लावा. पतंगी कागद चिकटवून सावलीत वाळवा, वाळला की आपोआप ताणला जातो. मागचा पंचकोन उघडाच ठेवा, बल्ब घालायला आणि हवेला. बल्ब 5 वॅटचा एलईडीच, जुना पिवळा बल्ब तापून कागद करपवतो. आणि तारा पडवीत आतल्या बाजूला टांगा, डिसेंबरात पहाटे दंव पडतं, उघड्यावर कागद दोन दिवसांत लोंबतो.

ट्रीसाठी सुरूची झाडं तोडू नका प्लीज, किनाऱ्यावर तीच वाऱ्याला आणि वाळूला आडवी उभी असतात. खाली पडलेल्या फांद्या आणि ती छोटी बोंडं भरपूर मिळतात, जुन्या डब्यात वाळू घालून फांद्या खोचल्या की झालं. शिंपले रिकामेच उचला, आत जीव असलेले राहू द्या.

नाताळच्या गोठ्याला, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्याला, थर्मोकोल कशाला? संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात गव्हाण मांडली तेव्हा खरं गवत आणि खरे बैल-गाढव होते. आपल्याकडे भाताचा पेंढा आहे, छपराला माडाची झावळी. हिरवळीला 12-13 डिसेंबरला नाचणी रात्रभर भिजवून करवंट्यांमध्ये मातीवर पसरा, रोज पाणी शिंपडा, नाताळपर्यंत मस्त हिरवी होते. करवंटीला खाली भोक पाडा, नाहीतर कुजते.

6 जानेवारीला तीन राजांचा सण झाला की आवराआवर. पेंढा गोठ्यात, म्हणजे खऱ्या गोठ्यात, नाचणी कोंबड्यांना, सांगाड्याचा कागद सोलून तो परत माळ्यावर. माझा सध्याचा सांगाडा चौथी दिवाळी बघेल आता.