चेंडू आला की डोळे मिटणाऱ्या मुलाला झेल शिकवताना

चेंडू अंगावर आला की मान वळवणारं, डोळे गच्च मिटणारं मूल आळशी नसतं आणि धांदरटही नसतं. चेहऱ्याच्या दिशेने काहीतरी वेगाने आलं की शरीर स्वतःला वाचवतं, एवढंच. म्हणून ‘चेंडूकडे बघ!’ असं कितीही ओरडलं तरी फरक पडत नाही. आधी भीती जायला हवी आणि त्यासाठी चेंडू हळू यायला हवा, मऊ हवा.

तीन-चार वर्षांचं मूल हात पुढे पसरून चेंडू छातीशी कवटाळतं. ती चूक नव्हे, पहिली पायरी आहे. नुसत्या हातांनी झेलणं बऱ्याच मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान जमू लागतं.

सुरुवात चेंडूने करूच नका. शिफॉनच्या जुन्या ओढणीचा हातभर तुकडा मुलाला स्वतःच वर उडवून पकडू द्या. तो तरंगत खाली येतो, त्यामुळे बघायला वेळ मिळतो. मग फुगा. (फुटला तर तुकडे लगेच उचला, ते लहान मुलांच्या घशात अडकतात.) त्यानंतर दोन-तीन मोजे एकमेकांत गुंडाळून केलेला गोळा, मग साधारण २० सेंमी व्यासाचा, हवा थोडी कमी केलेला रबरी चेंडू. टेनिसचा चेंडू सगळ्यांत शेवटी. घाई इथेच होते: मोज्यांचा गोळा दोनदा झेलला की बाबा लगेच टेनिसचा चेंडू काढतात, तो नाकावर बसतो आणि पुन्हा डोळे मिटायला लागतात. एका पायरीवर दहापैकी सात-आठ झेल आरामात जमू लागले की मगच पुढे जा.

फेकणाऱ्याचं कौशल्य इथे मुलापेक्षा महत्त्वाचं. दीड मीटरवर उभे राहा, हात खालून आणत चेंडू हलका, कमानीत सोडा. तो बेंबी आणि छाती यांच्यामध्ये यावा. ‘एक, दोन, घे’ असं प्रत्येक वेळी एकाच लयीत म्हणा. रबरी चेंडू आधी दोघांच्या मध्ये एक टप्पा पाडून द्या. टप्प्यानंतर तो खालून वर येतो, त्यामुळे चेहऱ्यावर आल्यासारखा वाटत नाही. ऊन मुलाच्या डोळ्यांवर नको. तुमच्यामागे साधी भिंत असेल आणि चेंडू भडक रंगाचा असेल तर तो चटकन दिसतो.

चेंडू हाताला लागून उडून जात असेल तर कोपर ताठ आहेत. कोपर वाकवून ठेवायला आणि चेंडू आला की हात पोटाकडे ओढायला सांगा. टाळी वाजवल्यासारखे हात आधीच मिटत असतील तर पुन्हा फुग्यावर या. छातीच्या वर आलेल्या चेंडूला अंगठे जवळ, कमरेखालच्याला करंगळ्या जवळ, हे नंतरचं शिक्षण. पहिल्या आठवड्यात सांगितलंत तर मूल चेंडू सोडून स्वतःच्या बोटांकडे बघत बसेल.

आता मनाचं. गल्लीतल्या खेळात सतत लिंबूटिंबू राहिलेलं मूल हळूहळू ‘मला आवडतच नाही’ म्हणू लागतं. त्यामुळे सराव इतर मुलांसमोर नको. दहा मिनिटं पुरेत, आणि त्याला आणखी खेळायचं असतानाच थांबा. सुरुवातीला झेल मोजू नका, हात लागला तो प्रत्येक चेंडू मोजा. ‘शाब्बास’पेक्षा ‘या वेळी शेवटपर्यंत डोळे उघडे होते’ हे जास्त कामाचं, कारण नेमकं काय जमलं ते मुलाला कळतं. सुटला तर काही बोलू नका, पुढचा टाका. आणि झेल सुटला म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं बंदच करा. पळणं ही शिक्षा झाली की पळण्याची आवडही जाते.

दोन-तीन महिने नियमित सराव करूनही चेंडूचा अंदाजच येत नसेल तर डोळे तपासून घ्या. एका डोळ्याची नजर कमी असली की अंतर नीट कळत नाही आणि मूल तक्रारही करत नाही, कारण त्याला तसंच दिसायची सवय असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला बटणं लावणं, जिना उतरणं, कात्री चालवणं यातही बरोबरीच्या मुलांपेक्षा खूप अडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजच्या कामांसाठी लागणाऱ्या हालचालींचा सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाकडे) पाठवायची गरज आहे का, ते विचारा. जाताना कशात अडतं आणि कधीपासून, हे कागदावर लिहून न्या.