तारे लांबुळके येतायत? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

फोटोत तारे लांबुळके आले की सगळ्यात आधी आळ येतो माउंटच्या (आकाशाच्या गतीने दुर्बीण फिरवणाऱ्या स्टँडच्या) मोटरवर, आणि ती बिचारी बरेचदा निर्दोष असते. म्हणून पहिली चूक म्हणजे न तपासता नवी मोटर मागवणं. गायडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक आपोआप दुरुस्त करणं) बंद करा, वीसेक मिनिटं एकाच ताऱ्याचा ग्राफ काढा आणि तारा कुठे सरकतोय ते बघा. डेकमध्ये, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत, हळूहळू एकाच बाजूला चाललाय? पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणं, गंडलंय. आरएमध्ये, म्हणजे पूर्व-पश्चिम दिशेत, पुढे-मागे झोके घेतोय आणि वर्म व्हीलला (वर्म या स्क्रूसारख्या गिअरने फिरणाऱ्या दातेरी चाकाला) १८० दात असतील तर साधारण ८ मिनिटांनी तोच झोका परत येतो, कारण आकाशाच्या एका फेरीचे ८६१६४ सेकंद भागिले १८० म्हणजे ४७९ सेकंद, हा वर्मचा दोष, मोटर बदलून जाणारच नाही. झटके काही सेकंदांच्या अंतराने येत असतील तर मात्र मोटर आणि तिच्या लगतची छोटी गिअरं बघायची.

स्टेपरचं, म्हणजे ठरावीक पावलांनी (स्टेपनी) फिरणाऱ्या मोटरचं, गणित एकदा करूनच टाका. फेरीला २०० स्टेपची मोटर, मध्ये ३:१ पुली, पुढे १८० दात, म्हणजे एका फुल स्टेपला आकाशात १२ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). १००० मिमी फोकल लेंग्थ आणि ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर एक पिक्सेल जेमतेम ०.७८ आर्कसेकंदाचा, मग हाफ स्टेपवर चालवलं तर तारा उड्याच मारणार ना! १/१६ मायक्रोस्टेपला, म्हणजे एका स्टेपचे १६ भाग केले की, ते ०.७५ वर येतं, ठीकठाक. पण म्हणून सरळ १/२५६ लावलं की झालं असं नाही हं, एकेका मायक्रोस्टेपचा जोर इतका कमी की घर्षणामुळे शाफ्ट आधी अडून बसतो आणि मग एकदम सुटतो. शिवाय ड्रायव्हरचा (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटचा) करंट नीट नसला तर दर चार फुल स्टेपला, म्हणजे या माउंटवर ३.२ सेकंदांनी, तीच थरथर परत येते आणि दोन-दोन सेकंदांच्या गायडिंगला ती पकडताच येत नाही.

करंट फार वाढवू नका, मोटर तापते आणि कंपनं वाढतात. लांब बारीक वायरने १२ व्होल्ट देणं तर विसराच, लोड आला की व्होल्टेज पडतं आणि स्टेप सुटतात. सर्वोला (एन्कोडर या कोन मोजणाऱ्या सेन्सरने आपली जागा तपासत फिरणाऱ्या मोटरला) स्टेप सुटायची भीती नसते, पण एन्कोडर जाडाभरडा असेल तर ती जागच्या जागी डुलत राहते.

आणि आरए अक्षाचा तोल अगदी काट्यावर नको. पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे वर्मचे दात एकाच बाजूने टेकून राहतात आणि बॅकलॅशमधला, म्हणजे दातांमधल्या फटीतला, खडखडाट थांबतो. मेरिडियन फ्लिपनंतर (तारा उत्तर-दक्षिण मध्यरेषा ओलांडल्यावर दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला पलटवल्यावर) वजन परत सरकवायचं, हे बहुतेक जण विसरतात.